स्टुडबेकर : लोहाराच्या भट्टीपासून शेवटच्या मोटारीपर्यंत

मिशिगनकाठ

जुनी कंपनी बुडाली की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं : काळाबरोबर बदलले नाहीत. स्टुडबेकरची गोष्ट मला त्यासाठीच सांगायची आहे, कारण तिथे हे उत्तर लागू पडत नाही. अमेरिकेत घोडागाड्या करणारे कितीतरी मोठे कारखानदार होते. त्यांच्यातून मोटारीच्या धंद्यात उतरून पुढे पन्नास-साठ वर्षं पाय रोवून उभे राहिले ते हेच. तरीही शेवटी त्यांचा मोटारींचा धंदा बुडाला, आणि बुडताना हजारो माणसांची म्हातारपणाची पुंजी घेऊन बुडाला.

मी शिकागोजवळ राहतो. इंडियाना राज्यातलं साउथ बेंड इथून मोटारीनं दीड-दोन तासांवर आहे. गेल्या दोन वर्षांत तिथल्या स्टुडबेकर म्युझियममध्ये चार वेळा जाऊन आलो. वाचलेलं आणि पाहिलेलं एकदा सलग मांडावं म्हणून हा धागा.

१६ फेब्रुवारी १८५२ रोजी हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या दोघा भावांनी साउथ बेंडला लोहारकामाचं दुकान टाकलं. गाठीला ६८ डॉलर आणि भट्टीच्या हत्यारांचे दोन संच. पहिली कमाई घोड्याचा नाल बदलल्याची, २५ सेंट. वडीलही लोहारच, गाड्या बांधणारे. घरात जर्मन बाप्टिस्ट पंथाचं वळण : साधं राहायचं, कुणाचं देणं डोक्यावर ठेवायचं नाही, हत्यार उचलायचं नाही.

घरात पाच भाऊ. त्यातला जॉन मोहलर माझ्या सगळ्यात आवडीचा. १८५३ साली, वय १९. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची हूल उठलेली. तिकडे निघालेल्या एका तांड्याला याने आपली गाडी दिली आणि त्या बदल्यात प्रवासात जागा मिळवली. प्लेसरव्हिलला पोचला तेव्हा खिशात ५० सेंट उरले होते. सोनं खणायला न जाता तो एका लोहाराकडे कामाला लागला आणि खाणीतल्या लोकांसाठी एकचाकी ढकलगाड्या बनवू लागला. लोक त्याला 'व्हीलबॅरो जॉनी' म्हणत. पाच वर्षांनी, १८५८ मध्ये, तो ८००० डॉलर घेऊन घरी परतला.

ते पैसे नेमक्या वेळी आले. साउथ बेंडच्या दुकानाला तोवर लष्करासाठी गाड्या बनवण्याचं काम मिळायला लागलं होतं. थोरल्या हेन्रीच्या मनाला ते पटेना, पंथाची शिकवण आड येत होती. जॉननं त्याचा वाटा विकत घेतला, हेन्री शेतीकडे वळला. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला गाड्या पुरवून हे दुकान कारखाना झालं. १८६८ मध्ये रीतसर कंपनी झाली. १८७२ आणि १८७४ अशा दोन मोठ्या आगी लागल्या, दोन्ही वेळा पुन्हा उभं केलं. शतक संपता संपता घोड्यानं ओढायची वाहनं बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी म्हणून त्यांचं नाव झालं होतं. शिकागोतली मिशिगन ॲव्हेन्यूवरची फाइन आर्ट्स बिल्डिंग १८८५ च्या सुमारास बांधली ती यांच्याच गाड्यांच्या शोरूमसाठी. मी तिच्यावरून कित्येक वर्षं जात होतो, मला पत्ताच नव्हता.

म्युझियममध्ये एक काळी बग्गी आहे. अब्राहम लिंकन त्या शेवटच्या रात्री नाटकाला गेले ते याच बग्गीतून. ती स्टुडबेकरची बनावट नाही, नंतर भावांनी विकत घेऊन जपली. पायऱ्या वापरून झिजलेल्या दिसतात. माझी मुलगी तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग मला विचारलं, "परत येताना ही गाडी रिकामी आली का?" मला बोलता आलं नाही.

मोटारीकडे वळवलं ते जॉनच्या जावयानं, फ्रेडरिक फिश यांनी. पेशानं वकील. सासऱ्यांचं मन घोड्यांवर, जावयाचं बिनघोड्याच्या गाडीवर. १९०२ मध्ये पहिली मोटार निघाली ती विजेवर चालणारी. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत थॉमस एडिसन होते. १९०४ मध्ये गारफर्ड कंपनीची चासी घेऊन पेट्रोलची मोटार आणली. मग डेट्रॉइटच्या ई.एम.एफ. कंपनीच्या मोटारी आपल्या विक्रेत्यांमार्फत विकायला घेतल्या. त्या मोटारी फार बिघडत. तेव्हा स्टुडबेकरनं गिऱ्हाइकाच्या दारात मेकॅनिक पाठवून भाग बदलून दिले, दहा लाख डॉलर खर्च झाले. १९११ मध्ये दोन्ही मिळून स्टुडबेकर कॉर्पोरेशन झालं. विजेच्या गाड्या १९१२ ला थांबल्या. पाच भावांतला शेवटचा, जॉन मोहलर, १९१७ मध्ये गेला. घोडागाड्या १९२० मध्ये बंद.

म्हणजे बदल जमला होता. घोडा, वीज, पेट्रोल, तिन्ही करून झालं होतं.

पहिला मोठा तडाखा बसला तो अल्बर्ट अर्स्किन यांच्या काळात. हे १९१५ पासून अध्यक्ष. कर्तबगार माणूस. १९२६ मध्ये मोटारी तपासायला स्वतंत्र चाचणी मैदान बांधलं. पण १९२९ ची मंदी आली तेव्हा ती लवकर सरेल या विश्वासावर त्यांनी भागधारकांना लाभांश वाटणं चालूच ठेवलं. १९३० साली नफ्याच्या पाचपट लाभांश दिला. उरलेले पैसे गंगाजळीतून काढले. १९२८ मध्ये पिअर्स-ॲरो ही श्रीमंतांच्या मोटारींची कंपनी घेतली होती, तिचाही भार होताच. मार्च १९३३ मध्ये कंपनी कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती गेली. १ जुलै १९३३ रोजी अर्स्किन यांनी आत्महत्या केली.

खूप लांबलं. पुढचं खाली प्रतिसादात लिहितो.

---

माणदेशी

उत्तम धागा. सुरुवातीचं लोहारकाम वाचून आमच्या गावचा सुताराचा नेट, म्हणजे त्याची कामाची जागा, डोळ्यांपुढे आला, म्हणून दोन ओळी.

चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवणं ही एकट्या माणसाची गोष्ट नव्हे. सुतारानं तुंबा (मधला गड्डा), आरे, पुठ्ठे (घेराचे तुकडे) जुळवून चाक तयार करायचं. लोहारानं लोखंडी पट्टीचं कडं करायचं, चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान. मग गोवऱ्यांच्या वर्तुळात ते कडं लालबुंद तापवायचं. तापलं की ते फुगतं. तिघा-चौघांनी सांडशीत धरून पळत आणायचं, चाकावर बसवायचं, घण घालायचे आणि लगेच पाणी ओतायचं. लाकडातून धूर निघतो, वाफ निघते, आणि कडं आवळायला लागलं की चाक करकरतं. सगळे सांधे आपोआप घट्ट होतात. लहान असताना आम्ही पोरं लांब उभी राहून ती करकर ऐकायचो. आजोबा म्हणायचे, चाक बोललं की समजायचं काम झालं.

लोखंडाची अखंड धाव असलेलं लाकडी चाक जगात बहुतेक ठिकाणी असंच बनत आलं. म्हणजे ते पाच भाऊही हीच करकर ऐकत मोठे झाले असणार. ज्याला चाक कळतं त्याला मोटार परकी वाटत नाही, असं मला वाटतं.

---

अनुजा

मिशिगनकाठ, वाचतेय. एक प्रश्न. नफ्याच्या पाचपट लाभांश द्यायला संचालक मंडळानं संमती कशी दिली? तिथे बसलेल्या इतर माणसांना दिसत नव्हतं का?

---

मिशिगनकाठ

माणदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री वडिलांना फोन केला. त्यांनाही धाव चढवताना पाहिल्याचं आठवतंय. मनापासून आभार.

अनुजाताई, त्या काळात लाभांश म्हणजे कंपनीच्या तब्येतीचा दाखला समजला जाई. तो थांबवला तर शेअरचा भाव कोसळेल ही भीती. शिवाय मंदी इतकी लांबेल हे तेव्हा भल्याभल्यांना वाटलं नव्हतं. पण माझं स्पष्ट मत सांगतो : ही सवयच या कंपनीचा खरा रोग. आलेला पैसा यंत्रांत आणि इमारतींत घालायचा सोडून वाटून टाकायचा. अर्स्किन गेले तरी ती सवय गेली नाही.

१९३३ नंतर हॅरल्ड व्हान्स आणि पॉल हॉफमन या दोघांनी कंपनी अक्षरशः खड्ड्यातून वर काढली. व्हान्स कारखान्याचे, हॉफमन विक्रीचे. (हेच हॉफमन पुढे १९४८ मध्ये युरोपच्या उभारणीसाठीच्या मार्शल योजनेचे प्रमुख झाले.) १९३९ ची चॅम्पियन ही त्यांची मोठी जमेची बाजू. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, खिशाला परवडणारी. रूप दिलं रेमंड लोवी यांच्या स्टुडिओनं.

मग युद्ध. बी-१७ विमानांची राइट सायक्लोन इंजिनं, बर्फावरून आणि चिखलातून जाणारं वीझल नावाचं पट्ट्यांचं वाहन, आणि यूएस-६ हा सहा चाकं फिरवणारा ट्रक. असे सुमारे दोन लाख ट्रक झाले आणि त्यातले बहुतेक सोव्हिएत रशियाला गेले.

युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये अगदी नव्या आकाराची मोटार यांनी सगळ्यांच्या आधी आणली. जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायसलर अजून युद्धाआधीचेच साचे वापरत होते. १९५० साली तीन लाखांवर मोटारी विकल्या, त्यापुढे तो आकडा कधी गाठता आला नाही. पैसा हाताशी होता. कारखाना मात्र तोच जुना, अनेक मजल्यांचा, इकडून तिकडे पुलांवरून सामान नेणारा. नवा बांधायची वेळ हीच होती. पुन्हा मोठा वाटा लाभांशात गेला.

---

जुना_सभासद

यूएस-६ बद्दल भर. रशियाच्या प्रसिद्ध कात्यूशा अग्निबाणांचे सांगाडे १९४३ पासून याच ट्रकच्या पाठीवर बसवले जात. लाल सैन्यातल्या शिपायांच्या तोंडी 'स्टुडबेकर' हा शब्द घरचा झाला होता. इंजिन मात्र स्टुडबेकरचं नव्हे, हर्क्युलिसचं.

आणि आपल्याकडचा धागा : स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात स्टुडबेकरच्या गाड्यांची जुळणी होत असे. मुंबईत कुर्ल्याला वालचंदांची प्रीमियर क्रायसलरच्या गाड्या जोडत होती, साधारण त्याच सुमाराची ही गोष्ट.

---

टूलरूम

मी भोसरीत डाय मेंटेनन्सला आहे, सव्वीस वर्षं झाली. मोटारीचे पत्रे दाबून आकार द्यायच्या साच्यांवर, म्हणजे डायवरच, आयुष्य गेलं, म्हणून हा भाग माझ्या परीनं सांगतो. लहान कंपनी का मरते हे प्रेस शॉपमध्ये उभं राहिलं की दिसतं.

समजा फेंडरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, डाय सेट बनवायचा आहे. ड्रॉ, ट्रिम, फ्लँज, पिअर्स, म्हणजे पत्रा ओढायचा, कापायचा, कडा वळवायच्या, भोकं पाडायची. तुम्ही त्यातून पन्नास हजार पत्रे काढा नाहीतर दहा लाख काढा, डायचा खर्च तोच. दहा लाखांवर वाटला तर नगाला काहीच येत नाही. पन्नास हजारांवर वाटला तर तोच खर्च उरावर बसतो. आता मोठ्या कंपनीनं दर दोन-तीन वर्षांनी रूप बदलायची चाल सुरू केली की लहान कंपनीला जुन्या डायचे पैसे वसूल व्हायच्या आत नवा डाय करावा लागतो. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, ही तर जुनीच गाडी. यात कुणाचा आळस नाही, हे गणितच असं आहे.

१९५३ च्या स्टारलायनर या कूपेबद्दल (दोन दारांची मोटार) मी पूर्वी बरंच वाचलंय. रॉबर्ट बर्क यांनी लोवी स्टुडिओत काढलेली. ठेंगणी, लांब, कुठेही उगाच क्रोम नाही. आजही फोटो समोर ठेवला की त्या काळातली वाटत नाही. पण कारखान्यात काय झालं पाहा. चासी जरा लवचीक होती. इंजिन बसवलं की वजनानं फ्रेम वाकायची, आणि पुढचे पत्रे बॉडीला जुळेनात. गॅप कुठे बोटभर, कुठे शून्य. ज्यानं लाइनवर फिटमेंट केलंय त्याला हे वाचून पोटात गोळा येईल. डिझाइनमधली चूक लाइनवर आली की ती हातोडीनं सुटत नाही. महिने गेले.

दुसरी चूक अंदाजाची. कंपनीनं धरलं होतं की लोक चार दाराची सेडान जास्त घेतील. लोकांना हवी होती कूपे. सेडान पडून, कूपे तयार नाही. गिऱ्हाईक शोरूममधून परत गेलं.

---

मिशिगनकाठ

टूलरूम, हेच मला नेमक्या शब्दांत सांगता येत नव्हतं. धन्यवाद.

आणि नेमक्या त्याच वेळी, १९५३-५४ मध्ये, फोर्ड आणि शेव्हरोले यांच्यात पहिल्या नंबरासाठी चढाओढ लागली. कारखान्यातून निघतील तितक्या मोटारी विक्रेत्यांच्या गळ्यात मारायच्या आणि विक्रेत्यांनी पडेल त्या भावाला विकायच्या. त्या दोघांचं फार बिघडलं नाही. मधल्या मध्ये स्टुडबेकर, नॅश, हडसन, पॅकार्ड हे छोटे कारखानदार भरडले गेले.

नॅशचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मनात होतं की या चौघांनी एक व्हावं. एकच इंजिन, एकच प्रेस शॉप, चौघांची नावं. नॅश आणि हडसन १९५४ मध्ये एक झाले, त्यातून अमेरिकन मोटर्स निघाली. पॅकार्डनं स्टुडबेकर घेतली. चौघं एकत्र यायच्या आत, ऑक्टोबर १९५४ मध्ये, मेसन वारले आणि तो बेत तिथेच राहिला.

पॅकार्डवाल्यांनी घाईत स्टुडबेकरचे हिशेब नीट तपासलेच नाहीत. व्यवहार झाल्यावर कळलं की नुकसान टाळायचं तर वर्षाला २,८२,००० मोटारी विकाव्या लागतील. त्या वर्षी खपल्या होत्या ८२,००० च्या आसपास. पॅकार्डसारखं मानाचं घराणं या ओझ्याखाली गेलं. डेट्रॉइटमधला कारखाना १९५६ मध्ये थांबला, आणि शेवटच्या दोन वर्षांत पॅकार्डच्या नावानं विकल्या त्या खरं तर स्टुडबेकरच्याच मोटारी. १९५८ मध्ये ते नावही संपलं.

मग एक उमेदीचं वर्ष. १९५९. तेव्हाचे अध्यक्ष हॅरल्ड चर्चिल, मूळचे इंजिनिअर, त्यांनी हातात होतं त्यातूनच वाट काढली. नवे डाय करायला पैसे नव्हते, तेव्हा जुन्या सेडानचा मधला भाग तसाच ठेवला आणि पुढचं-मागचं लांबलचक अंग कापून आटोपशीर मोटार केली, लार्क. ती लाखाच्या वर खपली आणि कंपनी नफ्यात आली. पण पुढच्याच वर्षी फोर्डची फाल्कन, शेव्हरोलेची कॉर्व्हेअर आणि क्रायसलरची व्हॅलिअंट बाजारात उतरल्या. लार्क विकणारे विक्रेते तिकडे गेले.

१९६१ मध्ये शरवूड एग्बर्ट अध्यक्ष म्हणून आले. तरुण, धडाडीचे. त्यांनी लोवींना बोलावलं. पाम स्प्रिंग्जच्या एका भाड्याच्या घरात लोवी आणि तिघा सहकाऱ्यांनी चाळीस दिवसांत अवांती या नव्या मोटारीचा आकार ठरवला. पुढे जाळी नाही, अंग फायबरग्लासचं. म्युझियममध्ये ती समोरासमोर पाहिली. बॉनेटवर चालकाच्या बाजूला एक उंचवटा आहे, मध्यावर नाही. तो मागे सरळ चालकाच्या डोळ्यांकडे जातो. मी चालकाच्या जागेशी वाकून पाहिलं आणि क्षणभर खरंच वाटलं की ही मोटार निघालीच आहे. पण फायबरग्लासची अंगं बाहेरून यायची आणि पत्र्यासारखीच इथेही जुळणीत अडचण आली. गिऱ्हाइकं ताटकळली. एकूण पाच हजारांच्या आतच झाल्या.

९ डिसेंबर १९६३ रोजी नवे अध्यक्ष बायर्स बर्लिंगेम यांनी साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. एग्बर्ट आजारपणामुळे आधीच पायउतार झाले होते. शेवटची मोटार २० डिसेंबरला निघाली. नाताळच्या पाच दिवस आधी. सुमारे सात हजार माणसं घरी बसली. कॅनडात हॅमिल्टनला मोटारी आणखी सव्वादोन वर्षं निघाल्या. मार्च १९६६ मध्ये तेही संपलं.

कंपनी मात्र बुडाली नाही, हे लक्षात घ्या. तोवर तिनं जनरेटर, छोटे ट्रॅक्टर, फरशी घासायची यंत्रं आणि एसटीपी हे इंजिनात घालायचं तेल असे धंदे घेऊन ठेवले होते. ते चालले. भागधारक वाचले.

---

पुणेरी_गॅरेज

लेख आवडला, पण एक बाजू राहिली. साउथ बेंडच्या कामगारांचे पगार मोठ्या तीन कंपन्यांपेक्षा जास्त होते आणि कामाचा वेग कमी. युनियन जोरदार होती. कारखाना तोट्यात असताना इतका पगार परवडत नाही, हेही कारण धरायला हवं.

---

मिशिगनकाठ

धरायला हवंच, मी टाळत नाही. युद्धानंतर व्यवस्थापनानं संप नको म्हणून मागेल ते दिलं. आमच्याकडे बाप-लेक एकाच लाइनवर काम करतात अशा जाहिराती कंपनी स्वतः करायची. विक्री जोरात होती तोवर कुणालाच टोचलं नाही. पण ऑगस्ट १९५४ मध्ये कंपनीनं पगारकपात मागितली तेव्हा लोकल ५ च्या (युनियनची तिथली शाखा) कामगारांनी मतदान घेऊन मोठ्या बहुमतानं ती स्वीकारली. स्वतःचा पगार स्वतः मत देऊन कमी करणं सोपं नाही. त्यामुळे दोष वाटायचाच तर त्यांच्या पदरात थोडा घाला, त्याहून जास्त नको. आणि त्यांनी जे भोगलं ते पाहिलं तर तोही घालायला हात धजत नाही. पेन्शनचं लिहायचं राहिलंय, उद्या लिहितो.

---

सायली_ठाणे

पेन्शनचं मी लिहू का? कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करते. अमेरिकन पेन्शन कायद्याचा इतिहास शिकताना पहिलं नाव आलं ते स्टुडबेकरचं. मोटारीबद्दल मला काही कळत नव्हतं, आकडे मात्र तेव्हापासून पाठ आहेत.

१९५० मध्ये युनियन आणि कंपनी यांच्यात पेन्शनचा करार झाला. पेन्शनचा फंड वेगळा होता, पण त्यात पूर्ण पैसे एकदम भरलेले नव्हते. तीस वर्षांत हळूहळू भरायचे असं ठरलं होतं. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी पेन्शनची रक्कम वाढवली, ती वाढही पुढच्या भरण्यावर टाकली. कारखाना तेराव्या वर्षी बंद झाला. फंडात होतं ते सगळ्यांना पुरणारं नव्हतंच.

एकूण साधारण १०,५०० लोक. साठी ओलांडलेले ३,६०० जण, त्यांना पूर्ण पेन्शन. चाळीस ते साठ वयातले सुमारे ४,०००, ज्यांची नोकरी दहा वर्षांवर झाली होती, त्यांना त्यांच्या हक्काच्या जवळपास १५ टक्के, तेही एकदाच. उरलेल्या २,९०० जणांना काहीच नाही. त्या मधल्या चार हजारांचं सरासरी वय ५२ आणि सरासरी नोकरी २३ वर्षं. बावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देतं?

त्या वेळी यात बेकायदा काहीच घडलं नव्हतं. हाच मुद्दा युनियननं वॉशिंग्टनपर्यंत लावून धरला. दहा वर्षांहून जास्त काळ लागला, पण २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीनं एरिसा कायदा झाला. फंडात किमान किती भरायचं हे त्यानं बांधून दिलं आणि कंपनी बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन देणारं सरकारी विमा महामंडळ उभं केलं. आज अमेरिकेत ज्यांना त्यातून पैसे मिळतात त्यांच्यातल्या फार थोड्यांना स्टुडबेकरचं नाव माहीत असेल.

मला हा विषय इतका का लागतो तेही सांगते. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बावीस वर्षं टर्नर होते. एका सोमवारी गेटवर नोटीस लागली. पीएफचे पैसे मिळाले, कारण ते दर महिन्याला वेगळे जमा होत होते. ग्रॅच्युइटी मात्र कंपनीच्या गल्ल्यातून यायची, आणि गल्ला रिकामा. १९७२ चा कायदा होता, हक्क होता, निकालही बाबांच्या बाजूनं लागला. पैसे हातात पडायला अकरा वर्षं गेली. त्या अकरा वर्षांत आईनं पत्र्याच्या डब्यात बाबांचा गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या आणि कोर्टाच्या तारखांचे कागद एकावर एक लावून ठेवले होते. घर बदललं तेव्हा सर्वांत आधी तो डबा टेम्पोत पुढे, आईच्या मांडीवर. वेगळा ठेवलेला पैसा आणि तोंडी कबूल केलेला पैसा यात काय फरक असतो तो मी पुस्तकाच्या आधी त्या डब्यात पाहिला.

---

माणदेशी

सायलीताई, काय लिहू कळत नाही. आई-बाबांना नमस्कार सांगा.

---

अनुजा

लाभांशाबद्दल मी सुरुवातीला विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे येऊन पूर्ण झालं. लाभांश दर वर्षी रोख दिला जायचा, पेन्शन मात्र पुढच्या तीस वर्षांवर टाकली.

---

टूलरूम

अनुजाताई, अगदी हेच. माझ्या डायच्या गणितात मी हे धरलंच नव्हतं. डायचा खर्च मोठा असतो हे खरं, पण १९५० मध्ये पैसा होता तेव्हा तो कुठे घातला हा प्रश्न उरतोच. नवा एकमजली कारखाना झाला असता तर १९५३ ची फजिती टळली असती असं मी म्हणत नाही. पण ती सोसायला बळ राहिलं असतं.

---

मिशिगनकाठ

सायलीताई, हे मला लिहिता आलं नसतं. बरं झालं मी थांबलो.

गेल्या शनिवारी पाचव्यांदा जाऊन आलो. या वेळी म्युझियमच्या आधी गावाच्या पश्चिमेला न्यू कार्लाइलजवळच्या बेंडिक्स वूड्समध्ये गेलो. १९२६ चं चाचणी मैदान तिथेच होतं. १९३० च्या दशकात तिथे हजारो पाइनची रोपं अशी लावली की आकाशातून पाहिलं तर कंपनीचं नाव वाचता यावं, अर्धा मैल लांब. जमिनीवरून काहीच कळत नाही, नुसतं पाइनचं रान. मी फोनवर नकाशा उघडून मधल्या एका अक्षराच्या आत उभा राहिलो. पायाखाली सुयांसारख्या पानांचा जाड थर. काही झाडं वाळलेली, काही आडवी पडलेली.

तिथून म्युझियम. दोन मोटारी पाहायच्या होत्या. एक लाल डेटोना, साउथ बेंडमधून २० डिसेंबर १९६३ ला निघालेली शेवटची. दुसरी पांढऱ्या टपाची निळसर-हिरवी क्रूझर, हॅमिल्टनची शेवटची, १९६६ ची. लाल गाडीपाशी एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. दाराची फट दाखवून त्याला सांगत होते की बघ, वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे. नातवानं दोरीच्या अलीकडून मान वाकवून पाहिलं. मग मीही पाहिलं. खरंच एकसारखी आहे.